प्लग-इन हायब्रिड एसयूव्हीची सुरक्षितता तपासताना या चुका टाळा

कुटुंबासाठी प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही घ्यायची ठरली की मायलेज आणि चार्जिंगची चौकशी खोलात जाऊन होते. सुरक्षिततेचा विषय मात्र ‘पाच स्टार आहेत ना?’ एवढ्यावर मिटतो. या गाडीत इंधनाची टाकी आणि बाहेरून चार्ज होणारी मोठी लिथियम-आयन बॅटरी दोन्ही असतात. त्यामुळे क्रॅश टेस्टचा अहवाल आणि रिकॉलच्या (दोष निघाल्यावर कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांच्या) नोंदी असं दोन्ही वाचावं लागतं. एकावर भागत नाही.

स्टार पाहिले, साल पाहिलं नाही

युरोपात गाड्यांच्या क्रॅश टेस्ट करणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेचे 2014 चे पाच स्टार आणि 2023 चे पाच स्टार सारखे धरू नका. पूर्वी गाडी ताशी 64 किमी वेगाने एका जागी बसवलेल्या अडथळ्यावर आदळवली जायची. 2020 पासून समोरून 1,400 किलोची ट्रॉली येते, आणि गाडी व ट्रॉली दोन्हींचा वेग ताशी 50 किमी असतो. समोरच्याचं जास्त नुकसान करणाऱ्या गाडीचे गुणही कापले जातात. जड एसयूव्हीची खरी परीक्षा इथे होते.

अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेनेही चाचण्या कडक केल्या. बाजूने धडकवायचा अडथळा 1,500 किलोंवरून 1,900 किलोंवर गेला आणि वेग ताशी 50 वरून 60 किमी झाला. 2022 पासून समोरच्या टकरीच्या एका चाचणीत चालकाच्या मागच्या सीटवरही डमी बसवतात, साधारण लहान चणीच्या बाईएवढी किंवा बारा वर्षांच्या मुलाएवढी. पुढच्या सीटसाठी उत्तम ठरलेल्या कितीतरी गाड्या या चाचणीत मागच्या सीटच्या बाबतीत कमी पडल्या. मुलं मागेच बसतात, म्हणून मी एकूण निकालाआधी हाच भाग वाचायला सांगेन.

अमेरिकी सरकारच्या समोरच्या टकरीच्या स्टारबद्दल एवढंच लक्षात ठेवा: ते साधारण सारख्याच वजनाच्या गाड्यांमध्ये ताडून पाहायचे असतात. छोट्या हॅचबॅकचे पाच आणि जड एसयूव्हीचे पाच यांची बरोबरी होत नाही.

रेटिंग पेट्रोलचं, गाडी प्लग-इन

एकाच नावाखाली पेट्रोल, साधी हायब्रिड (बाहेरून चार्ज न होणारी) आणि प्लग-इन अशा तीन गाड्या विकल्या जातात. चाचणी त्यातल्या एकीचीच झालेली असू शकते. बॅटरीमुळे प्लग-इन गाडी बरीच जड होते, मागच्या भागाची रचना बदलते, कधी स्टेपनीची जागा जाते. युरो एनकॅपच्या अहवालात हे रेटिंग कोणकोणत्या व्हेरिएंटना लागू आहे याचा तक्ता असतो. त्यात प्लग-इनचं नाव नसेल, तर ते स्टार त्या गाडीचे नाहीत.

जास्त वजनाचा आतल्यांना फायदा होतो, हेही खरं. विम्याच्या दाव्यांचा अभ्यास करणाऱ्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने 2011 मध्ये हायब्रिड गाड्या आणि त्यांच्याच पेट्रोल आवृत्त्या ताडून पाहिल्या. हायब्रिडमध्ये बसलेल्यांना इजा होण्याची शक्यता सुमारे 25 टक्क्यांनी कमी निघाली. पण हायब्रिडच्या धडकेने पादचारी जखमी होण्याची शक्यता 20 टक्क्यांपर्यंत जास्त होती, बहुधा कमी वेगात त्या गाड्यांचा आवाजच येत नाही म्हणून. युरोपीय संघात जुलै 2021 पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीला कमी वेगात कृत्रिम आवाज सक्तीचा आहे. जुनी गाडी घेत असाल तर ती फक्त बॅटरीवर सावकाश चालवायला सांगा आणि बाहेर उभं राहून ऐका.

रिकॉल झालं म्हणून गाडी बाद, किंवा रिकॉलकडे डोळेझाक

दोन्ही टोकं चुकीची आहेत. 2020 मध्ये फोर्डने युरोपातल्या सुमारे 20,000 कुगा प्लग-इन गाड्या परत बोलावल्या आणि मालकांना कळवलं, गाडी चार्जच करू नका. बॅटरीचे सेल बनवतानाच त्यात अशुद्धी शिरली होती. अशा वेळी बॅटरी पॅक बदलून मिळाला असेल आणि त्याचा कागद असेल, तर गाडी बाद करायचं कारण नाही.

जीपच्या रँग्लर आणि ग्रँड चेरोकी 4एक्सई या प्लग-इन गाड्यांचं प्रकरण जास्त काळजीचं आहे. 2024 मध्ये आगीच्या धोक्यामुळे त्या इमारतींपासून लांब, उघड्यावर उभ्या करायला सांगितलं गेलं. 2025 मध्ये पुन्हा मोठं रिकॉल निघालं, आणि आधी दुरुस्त झालेल्या गाड्याही त्यात आल्या. म्हणून ‘रिकॉलचं काम झालंय’ हे विक्रेत्याचं वाक्य पुरेसं मानू नका. काम कोणत्या रिकॉलचं झालं, सॉफ्टवेअर अपडेट झालं की पॅक बदलला, आणि त्यानंतर नवीन रिकॉल निघालं का, हे तिन्ही विचारा. गाडीचा 17 अंकाक्षरी चॅसी नंबर स्वतः बघून उतरवा आणि कंपनीच्या किंवा सरकारी रिकॉल शोधात टाका. मॉडेलच्या नावाने शोधून त्या एका गाडीबद्दल काही कळत नाही.

आगीचा फिरता आकडा

दर 1 लाख हायब्रिड गाड्यांमागे सुमारे 3,475 आगी, हा आकडा एनटीएसबी या अमेरिकी संस्थेच्या नावाने सर्रास फिरतो. ती संस्था निवडक अपघातांचा तपास करते, गाड्यांच्या आगींची देशभरची मोजदाद तिच्याकडे नसते. शिवाय त्यात साध्या हायब्रिड आणि प्लग-इन एकाच पोत्यात भरल्या आहेत. या आकड्यावरून घाबरूही नका आणि कुणाला घाबरवूही नका.

अपघात झालेली गाडी ‘चालते ना’ म्हणून घेणं

2011 मध्ये शेव्हरोले व्होल्ट या प्लग-इन कारची बाजूने खांबावर आदळवून चाचणी झाली. गाडी आवारात ठेवून दिली होती आणि सुमारे तीन आठवड्यांनी पेटली. बॅटरीला धक्का बसून आतलं कूलंट गळलं होतं, आणि बॅटरी डिस्चार्ज केलेली नव्हती. पत्रा ठोकून रंग मारला की असं नुकसान दिसत नाही. पूर्वी ठोकलेल्या गाडीची बॅटरी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासल्याचा लेखी अहवाल मागा. मिळत नसेल तर दुसरी गाडी बघा.

तिसरी रांग आणि मुलांची सीट

सात सीटच्या गाडीत कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते का, हे अहवालात असतं. आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट अडकवायच्या, जागा तिथे बऱ्याचदा नसतात. मुलाची सीट सोबत न्या, प्रत्येक जागी बसवून बघा आणि बसवल्यावर शेजारच्या सीटचा बेल्ट लावता येतो का तेही पाहा.