जुनी, मागणीनुसार घडवलेली डबल-नेक गिटार हाती लागल्यास ती कशी तपासावी

अमेरिकेतील एखाद्या गहाणवटीच्या दुकानात किंवा दिवंगत वादकाच्या घरातील सामानविक्रीत एकाच देहावर दोन नेक (तारा दाबून वाजवण्याचे लांब दांडे) असलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार, म्हणजेच डबल-नेक, दिसली, की पहिला प्रश्न ती अस्सल आहे का, हाच असतो. कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडलेल्या गिटारीच्या बाबतीत त्याच वर्षाचा दुसरा नमुना शेजारी ठेवून उत्तर शोधता येते. पण एका वादकासाठी, त्याच्या सांगण्यावरून घडवलेल्या वाद्याला असा जोडीदार बहुधा नसतोच. अशा वेळी पुरावा वाद्याच्या अंगातच शोधावा लागतो, आणि तो आपल्याच हातून पुसला जाऊ नये याची दक्षता पहिल्या क्षणापासून घ्यावी लागते.

म्हणून आधी काहीही पुसू नका. जुन्या तारा, पेटीतील कागद, गंजलेले स्क्रू, खुंट्यांवरचा मळ, सारे जसेच्या तसे राहू द्या आणि दिवसाच्या उजेडात समोरून, मागून, दोन्ही हेडस्टॉकची (नेकच्या टोकाच्या, खुंट्या बसवलेल्या भागांची) आणि नेक देहाला मिळतात त्या सांध्यांची छायाचित्रे घ्या. पॉलिश लावण्याचा मोह आवरणे फार महत्त्वाचे आहे, कारण लॅकरवरचा, म्हणजे लाकडावरील चकाकीच्या लेपावरचा, जुना थर एकदा घासला गेला की तो परत आणता येत नाही.

त्यानंतर हे वाद्य कोणाच्या हातचे असू शकेल याचा विचार करावा. पन्नासच्या दशकात अशा गिटारींना खरी मागणी होती ती कंट्री संगीताच्या वादकांकडून, कारण गाण्याच्या मध्ये वाद्य बदलायला त्यांना वेळ नसे. कॅलिफोर्नियातील डाउनी येथे पॉल बिग्सबी यांनी 1952 मध्ये ग्रेडी मार्टिन यांच्यासाठी डबल-नेक घडवली. सेमी मोझली यांनी 1954 मध्ये जो मॅफिस यांच्यासाठी जी घडवली तिचा धाकटा नेक एक सप्तक वर लावलेला होता. त्याच वर्षी मिसूरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील स्ट्रॅटोस्फिअर या छोट्या कंपनीने बारा आणि सहा तारांची जोडगिटार बाजारात आणली. गिब्सन या मोठ्या अमेरिकी गिटार कंपनीने मिशिगनमधील कलामझू येथील कारखान्यात 1958 च्या सुमारास हे काम हाती घेतले. त्यांच्या सुरुवातीच्या डबल-नेक गिटारींचा देह आतून पोकळ, वरची फळी कोरलेल्या स्प्रूसची आणि नेकच्या दोन्ही बाजूंना देहात कापलेल्या खाचा टोकदार असत, मात्र देहावर ध्वनिछिद्रे नसत. 1962 च्या सुमारास हा आकार जाऊन भरीव महोगनीचा, पातळ आणि शिंगांसारख्या टोकांचा देह आला. बारा व सहा तारांच्या गिटारीला ईडीएस-1275 आणि आखूड नेकच्या जोडीला ईएमएस-1235 असे क्रमांक होते. त्या काळी या गिटारी मागणी आल्यावरच घडवल्या जात, त्यामुळे एखादी विचित्र जोडी दिसली तर ती नक्कलच आहे असे लगेच ठरवू नये.

मराठी रसिकांना जॉन मॅकलॉफ्लिन हे नाव उस्ताद झाकिर हुसेन यांच्याबरोबरच्या ‘शक्ती’मुळे परिचित आहे, त्याआधी महाविष्णू ऑर्केस्ट्रात ते प्रथम गिब्सनची आणि पुढे रेक्स बोग यांनी खास घडवलेली डबल-नेक गिटार वाजवत असत. सत्तरच्या दशकात रंगमंचावर या गिटारी इतक्या गाजल्या की जपानी कारखान्यांनी त्यांच्या नकला मोठ्या प्रमाणावर काढल्या. अशा बऱ्याच नकलांचा नेक देहाला स्क्रूने जोडलेला असतो, तर गिब्सनचा नेक चिकटवलेला असतो, आणि ही खूण हत्यार न लावताही दिसते. अर्थात जपानी वाद्य म्हणजे टाकाऊ वाद्य असे मी म्हणणार नाही. त्यातली काही उत्तम वाजतात, पण ती दुसऱ्या नावाने विकली जाऊ नयेत.

सर्वांत बोलका भाग मागच्या झाकणाखाली असतो. झाकण उघडताना स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असाच पेचकस वापरावा आणि प्रत्येक स्क्रू ज्या छिद्रातून निघाला त्याच छिद्रात परत जाईल अशी व्यवस्था करावी. आत आवाज कमीजास्त करणारे जे पॉट असतात त्यांच्या पाठीवर अंक छापलेले असतात. त्यातले पहिले तीन अंक उत्पादकाचे, पुढचे एक किंवा दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे असतात. उदाहरणार्थ, 1376118 याचा अर्थ सीटीएस कंपनीने 1961 च्या अठराव्या आठवड्यात केलेला पॉट. पॉट आधी तयार होतो आणि गिटार नंतर, म्हणून हा आकडा वाद्य किती जुने असू शकते याची एक मर्यादा देतो, पण नेमकी जन्मतारीख सांगत नाही. डबल-नेकमध्ये पॉट एकाहून जास्त असतात. त्या सर्वांचे अंक एकमेकांच्या जवळचे आहेत का, हे पाहावे. एकच पॉट वीस वर्षांनी नवा निघाला तर दुरुस्ती झाली आहे एवढेच कळते, सगळेच नवे निघाले तर मात्र प्रश्न गंभीर होतो. डाखाकडेही लक्ष द्यावे. जुना डाख मंद, राखाडी आणि एका हाताने दिलेला वाटतो, तर नंतरचा चकचकीत आणि गोळे झालेला दिसतो.

पिकअपच्या, म्हणजे तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागाच्या, बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गिब्सनच्या दोन गुंडाळ्यांच्या पिकअपचा शोध त्या कंपनीतील अभियंते सेथ लव्हर यांचा. पेटंटचा अर्ज 1955 मध्ये झाला आणि पेटंट 1959 मध्ये मिळाले, तरी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी छोटी चिठ्ठी त्यानंतरही काही वर्षे खाली चिकटवली जात होती. पुढे जी क्रमांकाची चिठ्ठी आली तिच्यावरचा 2,737,842 हा क्रमांक वस्तुतः गिटारवादक लेस पॉल यांच्या तारा बांधण्याच्या भागाचा आहे. म्हणजे तो क्रमांक ‘चुकीचा’ दिसला म्हणून घाबरू नये. उलट तसाच तो असायला हवा. पिकअपचे धातूचे आवरण खाली दोन ठिकाणी डाखाने जोडलेले असते, आणि तो डाख अखंड असेल तर आवरण कोणी उघडलेले नाही असे समजावे. चिठ्ठी पाहण्यासाठी ते आवरण उघडण्याची गरज नसते, म्हणून तसे मुळीच करू नये.

अनुक्रमांकावर मात्र फार विसंबू नका, कारण साठच्या दशकात गिब्सनने तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले. हेडस्टॉकच्या मागे ‘मेड इन यूएसए’ असे ठोकलेले असेल तर ते वाद्य सामान्यतः 1970 नंतरचे मानावे.

अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरल्यास जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळसर उजळते, आणि नंतर रंगवलेला किंवा जोडलेला भाग त्यात वेगळा उठून दिसतो. हेडस्टॉक जिथे नेकला मिळतो तिथे हा दिवा विशेष सावकाश फिरवावा. महोगनीचे नेक नेमके तिथेच तुटतात आणि इथे तर तुटू शकणारी ठिकाणे दोन आहेत. नीट जोडलेला तडा वाद्याला निकामी करत नाही, परंतु तो लपवलेला असेल तर व्यवहारातला विश्वास संपतो.

वाजवून पाहण्याची घाई करू नये. सहा तारांचा ताण साधारण 45 ते 50 किलो असतो आणि बारा तारांचा त्याहून बराच अधिक, आणि वर्षानुवर्षे सैल राहिलेला नेक हा भार एकदम घेऊ शकेलच असे नाही. तारा काही दिवसांत टप्प्याटप्प्याने ताणाव्यात आणि नेकच्या आतील लोखंडी सळईला हात लावण्याचे काम अनुभवी कारागिरावर सोपवावे.

विकणाऱ्या कुटुंबाशी बोलणे हे मी तपासणीइतकेच आवश्यक मानतो. मूळ मालक कोणत्या वाद्यवृंदात वाजवत होता, त्याचा गिटारीसह एखादा फोटो आहे का, दुकानाची पावती राहिली आहे का, हे सर्व विचारून त्याच दिवशी लिहून ठेवावे. काही वादक आपले नाव बोटपट्टीत शिंपल्याने जडवून घेत, आणि तसे नाव आढळल्यास त्या माणसाचा माग काढता येतो. वाद्य मौल्यवान निघण्याची शक्यता दिसत असेल तर ते त्या कुटुंबाला स्पष्ट सांगावे, आणि भाव त्यानंतरच ठरवावा.

गिटार भारतात आणायची असल्यास बोटपट्टीच्या लाकडाची चौकशी आधी करावी. ब्राझिलियन शिसवी 1992 पासून ‘साइट्स’ या, दुर्मीळ वन्यजीव व वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणून त्या लाकडाचे वाद्य परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाही, आणि हा कागद निघण्याच्या बराच आधी मिळवावा लागतो. प्रवासात तारा सैल कराव्यात व दोन्ही हेडस्टॉकखाली मऊ कापडाचा आधार द्यावा. मुंबईच्या दमट हवेत उतरल्यावर पेटी लगेच न उघडता आतले लाकूड बाहेरच्या हवेला सरावेपर्यंत, निदान एक दिवस, तशीच बंद ठेवावी.