थंडीच्या मुक्कामाआधी ट्रेलरच्या फर्नेसची हवा मोकळी करून घ्या

आम्ही ॲरिझोनातल्या गरम फिनिक्सला राहतो, त्यामुळे आमच्या ट्रेलरमधली (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरातली) फर्नेस, म्हणजे प्रोपेन गॅसवर हवा तापवून पंख्याने खोल्यांत सोडणारा हीटर, वर्षाकाठी चार-पाच रात्रीच पेटते. नेमक्या त्याच रात्री ती नीट चालली पाहिजे. गेल्या थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरअखेरची अमेरिकन सुट्टी) ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, म्हणजे दक्षिण कड्यावर, मेदर कँपग्राउंडला उतरलो होतो. उंची साधारण 7,000 फूट, आणि तिथे ट्रेलरला विजेची जोडणी मिळत नाही. साताऱ्याहून आलेली आई मागच्या खोलीत झोपली होती. पुढे सोफ्यापाशी 72 अंश फॅरनहाइट आणि आईच्या उशाशी 54. फर्नेस रात्रभर घुरघुरत होती, तरी हा फरक. आई काही बोलली नाही, पण पहाटे उठून बघतो तर शाल गुंडाळून, पाय पोटाशी घेऊन बसलेली. परत आल्यावर एका दुरुस्तीवाल्याने मोठी फर्नेस बसवायला सांगितलं. फर्नेस तासाला 30,000 बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप) आहे, म्हणजे जवळजवळ 9 किलोवॉट. एवढ्याशा डब्याला ती भरपूर होते. ऊब तयार होत होती, ती आईपर्यंत पोचत नव्हती. या वर्षी निघण्याआधी जी तयारी केली ती इथे क्रमाने लिहितो आहे. उत्तरेकडे ट्रेलर नेणाऱ्या सगळ्यांनाच ती उपयोगी पडेल.

निघायच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा. काही उघडण्याआधी मोजून घ्या. एखादी थंड पहाट निवडा, फर्नेस वीस मिनिटं चालवा आणि गरम हवा बाहेर येते त्या प्रत्येक जाळीच्या तोंडाशी स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर धरून आकडा वहीत लिहा. सोबत टिश्यू पेपरची पट्टी धरून ती किती फडफडते तेही पाहा. घरात वाऱ्याची झुळूक आपण उदबत्तीच्या धुरावर पाहतो, पण गॅसच्या उपकरणाजवळ ते नको. कागदाची पट्टी पुरते. आमच्याकडे फर्नेसजवळच्या जाळीवर पट्टी आडवी होत होती आणि मागच्या खोलीत जेमतेम हलत होती.

याच वेळी आवाजाकडेही कान द्या. थर्मोस्टॅटने हुकूम दिला की आधी पंखा सुरू होतो. त्याच्या वाऱ्याने आतली शिडासारखी छोटी पत्री ढकलली जाते (तिला सेल स्विच म्हणतात), मग काही सेकंदांनी गॅस उघडतो, ठिणगी पडते आणि भस्स करून ज्योत लागते. खोली अजून गार असताना ज्योत मध्येच विझत असेल, पंखा नुसताच फिरत राहत असेल आणि थोड्या वेळाने ज्योत पुन्हा लागत असेल, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि लिमिट स्विच (पेटी फार तापली की गॅस बंद करणारा) गॅस तोडतो आहे, असा संशय धरा. वाट तुंबल्याची ही सगळ्यात ओळखीची खूण. अशा वेळी मोठी फर्नेस बसवली तर तीही याच अडथळ्यापाशी अडेल.

आता सिलिंडर बंद करा, बॅटरीची जोडणी सोडा, फर्नेस गार होऊ द्या आणि पलंगाखालच्या फळ्या काढा. निम्मं काम इथेच असतं. कारखान्यातून निघताना लवचीक डक्ट (फर्नेसपासून जाळीपर्यंत गरम हवा नेणारी नळी) बहुतेक वेळा गरजेपेक्षा लांब ठेवलेला असतो आणि तो सापासारखा वेटोळे घालून पडलेला असतो. आमचा एके ठिकाणी पाण्याच्या पाइपाखाली चेपून पोळीसारखा झाला होता. जास्तीची लांबी कापा, डक्ट ताणून सरळ करा, आणि काटकोनात मोडत असेल तिथे पत्र्याचा गोल एल्बो (वळणाचा तुकडा) घाला. लवचीक डक्टच्या आतल्या सुरकुत्यांना हवा घासत जाते, म्हणून सरळ आणि ताणलेल्या डक्टमधून तिला कमी त्रास होतो.

इथे थोडा हिशेब करा. 4 इंची डक्टचं तोंड सुमारे 12.6 चौरस इंच असतं आणि 2 इंची डक्टचं फक्त 3.1. म्हणजे एका 4 इंची डक्टला वाय (Y आकाराचा सांधा) जोडून दोन 2 इंची फाटे काढले, तर वाट निम्मी होते. मागच्या खोलीसाठी असाच फाटा काढलेला असेल तर तो काढून टाका आणि फर्नेसपासून स्वतंत्र 4 इंची डक्ट न्या. बऱ्याच फर्नेसच्या पेटीवर जादा तोंडांसाठी पत्र्याच्या चकत्या आधीच कापून ठेवलेल्या असतात. मॅन्युअल परवानगी देत असेल तिथलीच चकती काढा. किमान किती डक्ट किंवा किती चौरस इंच हवेत हेही मॅन्युअलमध्ये असतं. तो आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या खोलीतल्या जाळ्या बंद करून हवा मागे ढकलायचा मोह होतो, पण त्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका.

पोटाखालच्या टाक्यांकडे जाणारा बारीक डक्ट मात्र वायफळ समजून बंद करू नका. बंदिस्त तळ असलेल्या ट्रेलरमध्ये तोच पाण्याची टाकी आणि नळ गोठण्यापासून वाचवतो.

सांधे चिकटवायला ॲल्युमिनियमची फॉइल टेप घ्या. कापडी डक्ट टेप नावाने डक्टची असली तरी उष्णतेने तिचा डिंक वाळतो आणि दोन हिवाळ्यांत ती सुटते. जमिनीतल्या जाळीच्या कडा जरूर तपासा. आमच्याकडे जाळीचं भोक आणि डक्टचं तोंड यांत अर्ध्या इंचाची फट होती आणि गरम हवा फळीखालीच फिरत होती. चिकटवून झाल्यावर डक्टवर इन्सुलेशनची बाही चढवा, निदान मागच्या लांब डक्टवर तरी.

बहुतेक जण विसरतात ती परतीची वाट. पंखा जेवढी हवा फेकतो तेवढीच त्याला आत खेचावी लागते, आणि ती फर्नेसच्या कप्प्याच्या जाळीतून येते. त्या जाळीसमोर चपलांचा ढीग, कुत्र्याची गादी, कप्प्यात कोंबलेल्या पिशव्या, हे सगळं हटवा. सामान गरम पेटीला टेकणं धोक्याचंही आहे. रिटर्नसाठी लागणारी मोकळी जागाही मॅन्युअलमध्ये असते. तिरप्या पट्ट्यांच्या जाळीत खरी मोकळी जागा चौकटीच्या मापापेक्षा बरीच कमी भरते. आम्ही कप्प्याच्या दारात दुसरी जाळी बसवली आणि एवढ्यानेच पंख्याचा आवाज सुटा झाला. घरातल्यासारखं जाड फिल्टर तिथे लावू नका. कप्प्याच्या तळाशी गॅसच्या नळीभोवती भोक उघडं असेल तर ते बुजवा, नाहीतर पंखा बाहेरची गारठलेली हवा ओढत राहतो. मागच्या खोलीचं दार रात्री बंद ठेवायचं असेल तर दाराखाली बोटभर फट राहू द्या. खोलीतली हवा बाहेर पडली तरच नवी आत येईल.

ज्योतीची पेटी, गॅसचा व्हॉल्व्ह आणि बाहेर धूर टाकणारी नळी, यांना आपण हात लावायचा नाही. ते जाणकाराचं काम. बाहेरच्या नळीच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं नाही ना, एवढं टॉर्चने बघा. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या अलार्मची मुदत तपासा आणि बटण दाबून तो वाजतो का पाहा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत असतो. तो गालिच्याने किंवा सामानाने झाकू नका. वयस्कर माणूस आत झोपणार असेल तर या दोन अलार्मांशिवाय निघूच नका.

निघायच्या आठवड्यात बॅटरीकडे वळा. पंखा साधारण 7 ते 10 अँपिअर घेतो. 8 अँपिअरचा पंखा बारा तासांच्या रात्रीत निम्मा वेळ चालला तर 48 अँपिअर-तास गेले. 100 अँपिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून आपण निम्मेच वापरावेत, म्हणजे बॅटरी एका रात्रीतच संपली. व्होल्टेज पडलं की पंखा मंदावतो, शिडाची पत्री पुरती ढकलली जात नाही आणि पहाटे चारला, सगळ्यात गारठ्याच्या वेळी, ज्योत लागेनाशी होते. 7,000 फुटांवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक पंचमांशाने विरळ असते, त्यामुळे पत्रीला मिळणारा रेटा तिथे मुळातच कमी. फिनिक्सच्या अंगणात जेमतेम चालणारी फर्नेस वर गेल्यावर हट्ट धरते ती म्हणूनच. आम्ही दुसरी बॅटरी जोडली. तुमच्याकडे जनरेटर असेल तर कँपग्राउंडचे ठरलेले तास आधी पाहून घ्या.

गॅसचाही अंदाज असू द्या. 20 पौंडांच्या भरलेल्या सिलिंडरमधून सुमारे 4,30,000 बीटीयू मिळतात, म्हणजे 30,000 ची फर्नेस अखंड चालली तर चौदा-एक तास. दोन रात्रींसाठी दोन भरलेले सिलिंडर न्या आणि जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना बघा. ऊब कमी पडली म्हणून शेगडी पेटवून ठेवायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा. पाच माणसांच्या श्वासाने आणि सकाळच्या चहाने भिंतींना पाणी सुटतं आणि ओलसर अंथरूण गार लागतं.

शेवटी, सगळं जोडून झाल्यावर, पहिल्या दिवसाचीच चाचणी पुन्हा करा आणि आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहा. आमच्या मागच्या जाळीवर पट्टी आता पुढच्याइतकी नाही, पण चांगली फडफडते. मुक्कामाला पोचलात की सूर्य मावळायच्या आतच थर्मोस्टॅट लावा. गार पडलेल्या भिंती आणि गाद्या रात्री नव्याने तापवायला फार गॅस जातो. झोपण्याआधी मागच्या खोलीत उशीजवळ थर्मामीटर ठेवा आणि पहाटे पाचला उठून त्यावर काय दिसतं ते वहीत टिपून घ्या. आम्ही या वेळी 64 पाहिले. आई तेव्हा गाढ झोपेत होती, शाल पायथ्याशी घडी करून ठेवलेली.