गोव्यात कोंबड्यांचे खुराडे: उंचावर बांधावे की जमिनीलगत?

परसात दहा-बारा गावठी कोंबड्या पाळायच्या म्हटले की पहिला वाद खुराड्यावरून. घरातली जुनी माणसे चिऱ्यांचे बुटके खुराडे सुचवतात, मुले मोबाईलवर खांबांवरचे लाकडी घर दाखवतात. मुंगूस, साप यांची काळजी सगळ्यांनाच असते. पण आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणून आधी पाण्याचा विचार.

१. जागेची ओल ओळखा

पावसाळा असेल तर जोराची सर ओसरल्यावर परसात फिरा आणि तासाभराने पाणी कुठे साचून आहे ते बघा. उन्हाळ्यात कुंपणाची भिंत बघा: चुन्यावर तांबड्या चिखलाचे शिंतोडे किती उंच गेले आहेत ते मोजा. खुराड्याची जमीन त्याच्या वर हवी. चोडण-दिवाडीसारख्या खाजनालगतच्या (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतांलगतच्या) सखल भागात उंच खुराड्याला पर्याय नाही. डिचोली, सत्तरीकडे उताराची, निचऱ्याची जागा असेल तर जमिनीलगतही जमते.

२. कोंबड्या किती आणि कोणत्या?

पंधरापर्यंत गावठी कोंबड्या असतील तर माझा कौल उंच खुराड्याला. त्याहून जास्त असतील तर जमिनीलगतच बांधा. एवढे वजन पेलणारा सांगाडा महाग पडतो आणि आत शिरून झाडलोट करता येत नाही. वनराज, गिरिराज या अंगाने जड जाती. त्या उंचावरून उडी मारून पाय दुखावून घेतात, म्हणून पट्ट्या ठोकलेली, कमी चढाची फळी लावा. दिवसा मोकळ्या सोडणार असाल तरी रात्रीसाठी कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा धरा.

३अ. उंच बांधायचे असेल तर

दोन ते अडीच फूट उंची पुरे. खांब मातीत गाडू नका, वाळवी लागते. चिऱ्यावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर उभे करा. उंदीर-घुशी चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबाला पत्र्याची उपड्या नरसाळ्यासारखी झालर बसवा. तळाला पोफळीच्या किंवा बांबूच्या पट्ट्या, मध्ये अर्धा इंच फट. विष्ठा खाली पडते, तळ कोरडा राहतो. नुसत्या तारेच्या जाळीवर जड कोंबड्यांच्या तळपायाला जखमा होतात. खाली पडलेले खत आठवड्याला उचला, नाहीतर माश्या होतात. कुजवून माडांना घाला.

एक त्रास मात्र आहे: वाऱ्याबरोबर पावसाची झड खालूनही आत येते. पश्चिमेच्या अंगाला विणलेले झाप किंवा ताडपत्री लावा, पण वरची हातभर जागा हवेसाठी मोकळी सोडा.

३ब. जमिनीलगत बांधायचे असेल तर

“जमिनीलगत” म्हणजे मातीवर नव्हे. चिऱ्यांचे दोन थर देऊन जोते उचला, वर सिमेंटचा कोबा करा आणि दाराकडे थोडा उतार ठेवा. त्यावर तीन-चार इंच भाताचे तूस पसरा. खरी मेहनत या तुसाची आहे. पावसाळ्यात ते एक दिवसाआड हलवा. मूठभर दाबून बघा: मूठ उघडल्यावर मोकळे झाले तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ते काढून नवे घाला. ओल्या तुसात रक्ती हगवण फैलावते, आणि अमोनियाने डोळे चुरचुरू लागले की उशीर झाला असे समजा. एवढे सतत बघणे होणार नसेल तर उंच खुराड्याकडे वळा.

४. जाळी आणि छप्पर

हे दोन्हीकडे सारखेच. षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्रा ती फाडतो आणि लहान साप भोकांतून शिरतो. अर्धा इंच भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना पक्क्या जोडलेली ताठ जाळी, घ्या. उकरून शिरणाऱ्यांसाठी जाळी फूटभर पुरावी म्हणतात, पण आपल्या कातळात पहारही लागत नाही. मग जमिनीलगतच्या खुराड्याभोवती दीड फूट रुंद जाळी आडवी अंथरा आणि वर दगड रचा. छपराच्या पागोळ्या भिंतीपासून निदान दोन फूट लांब पडाव्यात. कडी घट्ट, फिरवून लागणारी हवी.

खुराडे तयार झाले की चार-पाच दिवस कोंबड्यांना आतच ठेवा, दाणा-पाणी तिथेच द्या. मग सोडल्यावर संध्याकाळी त्या आपण होऊन तिथे येतील, आंब्यावर जाऊन बसणार नाहीत.