आधी नोंद, मग वाचन: गोव्यातून नाणकशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी

गोकुळाष्टमीला नार्व्याच्या सप्तकोटीश्वराला जाणे हा डिचोली तालुक्यातल्या आमच्या घराचा नेम होता. दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ पोर्तुगीज अमलात पाडले गेल्यावर देव नदीपलीकडे आणला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी आताच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, एवढा इतिहास मी वडीलधाऱ्यांच्या तोंडून लहानपणीच ऐकला होता. पुढे एम.ए.च्या वर्गात असताना गोव्याच्या कदंब राजघराण्याचे सोन्याचे एक नाणे प्रथमच भिंगाखाली पाहण्याची संधी मिळाली. साडेचार ग्रॅमही न भरणारा तो तुकडा होता. त्याच्या एका बाजूला पंजा उचललेला सिंह आणि सिंहासमोर संवत्सराचे नाव होते, तर दुसऱ्या बाजूला दाटीने बसवलेल्या नागरी अक्षरांच्या ओळी होत्या. अक्षरे एकेक करून लागत गेली आणि ज्या देवाच्या पायऱ्या मी चढत आले होते त्याच देवाचा वरप्रसाद लाभल्याचे बाराव्या शतकातला राजा सोन्यावर सांगतो आहे, हे समजले. माझी पुढची सगळी वाट त्या दुपारी ठरली.

याच नाण्याच्या बाबतीत मी केलेली चूक मात्र नव्याने येणाऱ्यांना आधी सांगायला हवी. लेख लागल्याच्या आनंदात मी वहीत फक्त वाचन उतरवले. नाण्याचे नेमके वजन, व्यास, संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक, ते कोणत्या गावात आणि कोणत्या प्रसंगी मिळाले याची नोंद, यांपैकी काहीच मी लिहून घेतले नाही. दोन वर्षांनी त्यावर लेख लिहून एका संशोधनपत्रिकेकडे पाठवला, तेव्हा तो या त्रुटींवर बोट ठेवून परत आला, आणि परत पाठवणाऱ्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. नाण्यावरचा लेख पुढे कोणीही पुन्हा वाचू शकतो, माझे वाचन दुरुस्तही करू शकतो. परंतु ते नाणे कुठे आणि कशाबरोबर सापडले ही माहिती एकदा हरवली की ती परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. त्यानंतर आजपर्यंत मी एकही नाणे आधी वाचून मग नोंदलेले नाही. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही पहिले सहा महिने मी वाचनाचा आग्रह धरू देत नाही.

नोंद म्हणजे काय, हेही नेमके सांगते. धातू, ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत वजन, कॅलिपरने घेतलेला व्यास, दोन्ही बाजूंचे वर्णन, कडेची अवस्था, आणि पुढची बाजू सरळ धरून नाणे फिरवल्यावर मागच्या बाजूचे चित्र कोणत्या दिशेला डोके करून येते, हे सारे त्यात यायला हवे. शेवटची बाब नवख्यांना क्षुल्लक वाटते. परंतु काही टाकसाळींत दोन्ही ठसे ठरावीक दिशेने बसवत, तर काहींत ते कसेही पडत, त्यामुळे टाकसाळ ओळखण्यास आणि बनावट नाणे पकडण्यास याचा उपयोग होतो. छायाचित्र घेताना प्रकाश एका बाजूने तिरपा सोडावा, म्हणजे झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या उठून दिसतात. नाणे घासू नये, धुऊ नये. आपल्याकडे देवाची तांब्याची भांडी चिंचेने उजळतात, त्याच सवयीने तांब्याची नाणीही चिंचेच्या कोळात टाकली जातात. अशा स्वच्छतेत पृष्ठभागाबरोबर अक्षरांच्या कडाही जातात, आणि लखलखीत झालेले ते नाणे अभ्यासाला निकामी होते.

वजनाच्या बाबतीत आपल्या गोमंतकाला सांगण्यासारखा मोठा वारसा आहे. १९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे शिक्षणाने गणिती होते, आणि प्राचीन भारताच्या आहत नाण्यांकडे ते संख्याशास्त्राच्या वाटेने आले. आहत नाण्यांवर राजाचे नाव नाही आणि सालही नाही. चांदीच्या तुकड्यावर सूर्य, सहा आऱ्यांचे (षडर) चक्र, प्राणी, टेकडी अशी चिन्हे वेगवेगळ्या ठशांनी उमटवलेली असतात. अशा मुक्या नाण्यांचा क्रम लावायचा कसा? कोसंबींनी तक्षशिलेच्या निधींतील, म्हणजे एकत्र पुरून ठेवलेल्या साठ्यांतील, नाणी एकेक करून तोलली. चलनात फिरणारे नाणे हातोहात झिजते, म्हणून अधिक काळ फिरलेल्या गटाचे सरासरी वजन उतरते आणि एकाच गटातल्या नाण्यांच्या वजनांमधला फरक वाढत जातो, हे तत्त्व त्यांनी वापरले. झिजेचा वेग समजावा म्हणून आपल्या काळातली चालू नाणीही तोलून पाहिली. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढे मतभेद झाले आणि ते व्हायलाच हवेत. तरीही नाणे हे कलावस्तू म्हणून न पाहता बाजारात झिजत गेलेली वस्तू म्हणून पाहण्याची त्यांची दृष्टी मला आजही सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ज्याला गणिताची भीती वाटते त्या विद्यार्थ्याने निदान सरासरी आणि प्रमाण विचलन एवढे तरी शिकूनच या विषयात यावे, असा माझा आग्रह असतो.

निधीचे महत्त्व शिकवताना मी नेहमी जोगळटेंभीचे उदाहरण घेते. १९०६ साली नाशिकजवळच्या या गावी क्षहरात क्षत्रप नहपानाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली, आणि त्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. खाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतो आणि वर सातवाहनांची चिन्हे उमटलेली दिसतात. कोण आधी, कोण नंतर, हे एकाच चकतीवर वाचता येते. नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात गौतमीपुत्राला क्षहरात वंश निःशेष करणारा म्हटले आहे. प्रशस्ती म्हणून त्यावर शंका घेता आली असती, पण या निधीने ती शंका बरीचशी दूर केली. हीच नाणी सुटी सुटी होऊन वेगवेगळ्या संग्राहकांकडे पोहोचली असती, तर एवढ्या मोठ्या प्रमाणावर पुनर्मुद्रण झाले होते हे कोणालाही सांगता आले नसते.

आता भाषांविषयी. पोर्तुगीज काळाच्या अभ्यासाला गोव्यात साधने हाताशी आहेत, पुराभिलेखागार आहे, आणि इंडो-पोर्तुगीज नाण्यांवर हडफड्याचे डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा यांनी एकोणिसाव्या शतकातच पायाभूत काम करून ठेवले आहे. त्यामुळे आमच्याकडचे बहुतेक विद्यार्थी साहजिकच तिकडे वळतात. प्राचीन काळाकडे येणाऱ्याला मात्र भाषांची तयारी स्वतः करावी लागते. संस्कृत तर हवेच, पण सातवाहन आणि क्षत्रप नाण्यांसाठी प्राकृत व ब्राह्मी हवी. कदंबांचे शिलालेख समजून घ्यायचे तर जुन्या कन्नडची ओळख हवी. आणि उत्खननांचे जुने अहवाल इंग्रजीत आहेत. मी ब्राह्मी शिकले ती रोज संध्याकाळी एक पान अक्षरे गिरवून. पाटीवर मुळाक्षरे गिरवणाऱ्या मुलासारखाच तो अभ्यास होता. वर्षभराने ‘रञो’ (म्हणजे ‘राजाचे’) हा शब्द नाण्याच्या कडेला तुटक दिसला तरी ओळखता येऊ लागला. लिपी पुस्तकातल्या तक्त्यावरून पाठ होते, पण ती खरी वाचता येते ती झिजलेल्या, अर्ध्या कापल्या गेलेल्या अक्षरांवर शेकडो वेळा नजर फिरवल्यावरच.

नाणे आणि शिलालेख एकमेकांना कसे आधार देतात, याचे सुंदर उदाहरण कदंबांच्याच नाण्यांत आहे. सिंहासमोरचे संवत्सराचे नाव साठ वर्षांनी पुन्हा येते, म्हणजे त्या नावावरून एकट्याने साल ठरत नाही. परंतु शिवचित्त पेर्माडीदेवाची कारकीर्द ११४७ च्या सुमारास सुरू झाली हे शिलालेखांवरून कळते, आणि साठ वर्षांहून कमी असलेल्या कारकिर्दीत कोणतेही संवत्सर दुसऱ्यांदा येऊ शकत नाही. त्यामुळे राजाचे नाव आणि संवत्सर एकत्र वाचले की ते नाणे पाडल्याचे नेमके वर्ष मिळते. मध्ययुगीन दख्खनच्या नाण्यांत एवढी नेमकी कालनिश्चिती क्वचितच साधते, आणि आपल्याच भूमीतली ही साधनसंपत्ती अभ्यासायला पुरेसे विद्यार्थी येत नाहीत, ही माझी मनापासूनची खंत आहे.

शिक्षणाचा आणि नोकरीचा मार्ग थोडक्यात असा. गोवा विद्यापीठात ताळगावच्या पठारावर इतिहासात एम.ए. करता येते, पुरातत्त्वाकडे अधिक ओढा असेल तर पुण्याचे डेक्कन कॉलेज जवळचे आहे. नाण्यांचे हातात घेऊन प्रशिक्षण हवे असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिच्या उभारणीत परमेश्वरीलाल गुप्त यांचा मोठा वाटा होता. भारतीय नाणकपरिषद ही १९१० साली स्थापन झालेली संस्था आता वाराणसीला आहे. तिचे सभासदत्व विद्यार्थीदशेतच घ्यावे आणि तिच्या नियतकालिकाचे जुने अंक नेटाने वाचावेत. वासुदेव विष्णु मिराशी आणि अनंत सदाशिव आळतेकर या दोन मराठी विद्वानांचे तिथले लेख वाचताना पुरावा कसा मांडावा हे आपोआप शिकता येते. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी एम.ए.ला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट आवश्यक असते. गोव्यातल्या सरकारी नेमणुकांसाठी कोकणीचे ज्ञान हवे आणि मराठी येत असल्यास तेही जमेस धरले जाते. अध्यापनाखेरीज संग्रहालये, राज्याचे पुरातत्त्व खाते आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची म्हैसूर येथील कोरीव लेखांची (एपिग्राफी) शाखा या जागा आहेत. त्या थोड्या आहेत, जाहिराती उशिरा निघतात, आणि घरच्या परिस्थितीचा विचार करूनच वाट पाहायची की नाही हे ठरवावे.

नोकरी लागल्यावर संशोधनाला वेळ मिळेल, या समजुतीवर विसंबू नये. पहिली दहा वर्षे मी बी.ए.च्या वर्गांना फ्रेंच राज्यक्रांतीपासून आधुनिक भारतापर्यंत सगळे शिकवले. नाण्यांचे काम चतुर्थीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात झाले. पण सुट्टीतले ते काम टिकले, याचे कारण मी दरवर्षी एकच संग्रह घेत असे आणि तो पूर्ण नोंदवूनच थांबत असे. मोठ्या विषयाची स्वप्ने पाहून अर्धवट सोडलेल्या नोंदींपेक्षा शंभर नाण्यांची सूची, वजने आणि छायाचित्रांसह पूर्ण झालेली, कितीतरी मोलाची असते, आणि पुढचा संशोधक तुमचे नाव तिच्यामुळेच घेतो.

बाजाराविषयी मी स्पष्ट सांगते. संशोधकाने नाणी विकत घेऊ नयेत आणि विक्रेत्यासाठी नाण्याच्या खरेपणाची चिठ्ठी लिहून देऊ नये. कडेवर जोडाची रेघ, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि ठरल्या मापाहून वेगळे वजन दिसले की ओतीव नकलेची शंका घ्यायला डोळा तयार करावा, पण तो डोळा संग्रहालयाच्या कामी यावा.

पावसाळ्यात शेतात किंवा बागायतीत नांगराला लागलेले एखादे नाणे घेऊन गावातले कोणीतरी तुमच्याकडे येईलच. माझ्याकडे एक वयस्क शेतकरी कुळागरात सापडलेली नाणी हळदीच्या पानात बांधून घेऊन आले होते आणि पहिला प्रश्न त्यांनी ‘बाय, हें किदें बरयलां?’ असा केला. मी त्यांना लेख सांगण्याआधी कुळागराचे नाव, खणलेल्या जागेची खोली, सोबत खापर किंवा मडके होते का, आणि आणखी कोणाच्या घरी काही नाणी गेली आहेत का, हे विचारून वहीत लिहिले. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हे त्यांना समजावून सांगितले आणि अर्ज लिहायला मदत केली. नाणी पानातच ठेवून वजनकाटा काढला. लेख मी त्यांना तिसऱ्या दिवशी वाचून दाखवला.