जुन्या जीपच्या मागच्या डिफरेन्शियलला ड्रेन प्लग बसवताना

डाना 44 (डाना कंपनीचं अॅक्सलचं एक मॉडेल) वळणाच्या बऱ्याच मागच्या अॅक्सलना, म्हणजे ज्यांच्या मधल्या फुगवट्यात डिफरेन्शियलचे गिअर असतात त्यांना, ऑइल भरायला भोक असतं, काढायला नसतं. ऑइल बदलायचं म्हणजे मागचं दहा बोल्टांचं कव्हर उघडा, जुनं गॅस्केट खरवडा, नवं लावा. फक्त डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला हे दोन वर्षांतून एकदा चालून जातं. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या जीपला नाही. तापलेला अॅक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (अॅक्सलच्या हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) किंवा सीलच्या ओठातून पाणी आत खेचते. ऑइल दुधाळ दिसलं तर ते त्याच आठवड्यात बदलायला हवं, आणि कव्हर उघडायच्या कंटाळ्यापायी नेमकं तेच टळतं.

हात घालण्याआधी खाली वाकून बघा. जुन्या विलिस जीपच्या काही हाऊसिंगना (अॅक्सलच्या ओतीव पेटीला) तळाशी मूळचाच प्लग असतो आणि तो चिखलाच्या थराखाली गडप झालेला असतो. तो सापडला तर पुढचं सगळं काम वाचलं.

प्लग नसेल तर तो हाऊसिंगमध्ये पाडायचा की कव्हरमध्ये? कव्हरमध्येच. हाऊसिंगचं ओतीव लोखंड तळाशी किती जाड आहे ते बाहेरून कळत नाही, कीस आत पडतो, आटे बिघडले तर वेल्डिंग धड धरत नाही, आणि तिथला प्लग गाडीच्या सगळ्यांत खालच्या जागी लोंबतो. पहिल्याच दगडावर त्याचं डोकं जातं. कव्हर बिघडलं तर दुसरं मिळतं, हाऊसिंग शोधत हिंडावं लागतं. प्लगसकट तयार कव्हर मिळत असेल तर सरळ तेच घ्या.

कव्हरचा पत्रा 3-4 मिमीचा. त्यात थेट टॅप मारला (आटे पाडले) तर जेमतेम दोन-तीन आटे मिळतात आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा आवळताना ते उपटून येतात. म्हणून लेथवर बुश, म्हणजे कव्हरला वेल्ड करायची आट्यांची जाड कडी, करून घ्या. माइल्ड स्टीलचा 35 मिमी गोल बार, बुशची एकूण लांबी 14 मिमी. त्यातला आतल्या बाजूचा भाग 26 मिमी व्यासाचा, कव्हरच्या पत्र्याच्या जाडीइतकाच लांब. पत्रा व्हर्नियरनं मोजा, अंदाजावर जाऊ नका, कारण बुश आत डोकावला की त्याच्यामागे तेवढं ऑइल आणि गाळ कायमचा साठून राहतो. मध्ये 16.5 मिमी ड्रिल आणि एम 18 × 1.5 चा टॅप आरपार. वायसर बसतो ते तोंड आणि भोक एकाच सेटिंगमध्ये करायला सांगा. तोंड आट्यांना काटकोनात नसेल तर कितीही आवळलं तरी ऑइल पाझरणारच.

पाइपचे निमुळते आटे वापरायचा मोह होतो, कारण अर्ध्या इंची प्लग कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पण आपल्याकडे मिळतो तो बीएसपी (ब्रिटिश मापाचा), आणि अमेरिकी जीपच्या सामानात असतो एनपीटी (अमेरिकी मापाचा). अर्ध्या इंचाला दोन्हींचे आटे इंचाला 14 च. कोन मात्र एकाचा 55 अंश, दुसऱ्याचा 60. त्यामुळे प्लग दोन-तीन फेऱ्या मजेत जातो, मग अडकतो, आणि टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी गळतो. नळाचं गॅल्व्हनाइज्ड सॉकेट कापून बुश म्हणून वापरणंही नको: जस्ताचा धूर विषारी, शिवाय वेल्डमध्ये छिद्रं पडतात.

आता उघडायला घ्या. पण सगळ्यांत आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. खालून ऑइल सोडलं आणि वरचा प्लग गंजून बसलाय असं कळलं तर गाडी जागीच अडकली. तो सुटला की गाडी मागून स्टँडवर, पुढच्या चाकांना उटी. खाली पसरट भांडं ठेवा, कव्हरचे बोल्ट सैल करा, वरचे दोन अर्धे आत राहू द्या आणि कव्हर खालून उचकटा. एखाद्या बोल्टखाली रेशोची (क्राउनच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या, ते लिहिलेली) पत्री असेल तर ती जपा.

जागा ठरवताना घाई नको. कव्हरच्या खालच्या उतारावर, क्राउन व्हीलच्या (आतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) फुगवट्यापासून बाजूला, तोंड मागे आणि थोडं खाली. फ्लॅंजच्या (कव्हरच्या सपाट कडेच्या) बोल्टवर सॉकेट बसायला जागा उरली पाहिजे आणि प्लगचं डोकं फ्लॅंजच्या खालच्या कडेच्या वरच राहिलं पाहिजे. आतली जागा मातीनं तपासा: खूण केली तिथे आतून मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीचा गोळा चिकटवा, कव्हर चार बोल्टांवर बसवा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून अॅक्सलला फिरवणारा दांडा) हातानं फिरवा. नुसतं एक चाक फिरवून उपयोग नाही, दुसरं उलटं फिरतं आणि क्राउन जागचा हलत नाही. 5.38 रेशोलाही शाफ्टच्या सहा फेऱ्यांत क्राउनची एक फेरी पूर्ण होते. प्लगची आत येणारी लांबी, मॅग्नेट असेल तर त्यासकट, वजा जाता दाबलेल्या मातीत किमान 5 मिमी उरले पाहिजेत.

वेल्डिंग कव्हर गाडीवर असताना कधीच करू नका. ऑइल पेटू शकतं, आणि करंट बेअरिंगमधून गेला तर रोलरवर खड्डे पडतात. कव्हर रॉकेल किंवा डिझेलनं धुवा, ते पूर्ण पुसून वाळवा, रंग खरवडा, 26 मिमीचं भोक होल-सॉनं पाडा. मग कव्हर 10 मिमी जाड सपाट प्लेटवर सगळ्या बोल्टांनी आवळा, नाहीतर फ्लॅंज केळ्यासारखी वाकते. बुशमध्ये एखादा जुना प्लग फिरवून ठेवा. सीओटू वेल्डिंगनं समोरासमोर चार टाके, मग तुकड्यातुकड्यानं पूर्ण वळसा, प्रत्येक तुकड्यानंतर गार होऊ द्या. पाण्यात बुडवून गार करू नका. शेवटी टॅप पुन्हा एकदा आरपार फिरवा.

गळती तपासायला बाहेरून वेल्डवर ओला खडू फासून वाळवा, प्लग वायसरसह आवळा आणि आत डिझेल ओतून तासभर ठेवा. छिद्र असेल तिथे खडूवर काळपट डाग उमटतो. फ्लॅंज जाड काचेवर ठेवून फीलर गेज घाला. 0.2 मिमीपेक्षा जास्त फट असेल तर कानस किंवा पॉलिश पेपरनं सपाट करा.

बसवताना दोन्ही तोंडं कोरडी हवीत. गॅस्केटऐवजी सिलिकॉन सीलंटचा 3 मिमी जाड अखंड धागा भोकांच्या आतल्या बाजूनं फिरवा. भसाभस लावलं तर आत निघालेले लोळे तुटून ऑइलमध्ये फिरतात. कव्हरचे 3/8 इंची बोल्ट आडवेतिडवे आवळत 35 फूट-पौंडांवर आणा. एम 18 चा प्लग नव्या तांब्याच्या वायसरवर 40 न्यूटन-मीटर. सिलिकॉन रात्रभर वाळल्याशिवाय ऑइल नको.

गाडी सपाट जागी चार चाकांवर आणून जीएल-5 दर्जाचं 80डब्ल्यू-90 भरा, भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत. साधारण दीड लिटर लागतं, दोन लिटर जवळ ठेवा. क्लच-प्लेटवाला लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा) असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे त्यासाठी ऑइलमध्ये घालायचं मिश्रण, हवं; ऑइलमध्ये ते आधीच असेल तर वेगळं नको. तेवढ्यात ब्रीदर काढून फुंकून बघा. तो तुंबला असेल तर नवीन प्लग सोडून जुने सील गळतील.

यापुढे ऑइल सोडताना गाडी 15-20 किलोमीटर चालवून गरम करा आणि पुढची चाकं चढावर ठेवा, म्हणजे हाऊसिंगच्या तळातलं ऑइल कव्हरकडे येतं. तरी थोडं मागे राहतंच. दुधाळ झालं असेल तर स्वस्त ऑइल भरून थोडं फिरवून पुन्हा सोडा. मॅग्नेटवर करडी बारीक मळी ठीक आहे. नखाला टोचेल असा तुकडा दिसला तर त्या दिवशी कव्हर उघडायचंच.