माळेगावला कुत्रं न्यायचंय? आधी त्याला थांबायला शिकवा

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत श्वान प्रदर्शन असतं. तिथं जायचं म्हणून बरेच जण कारवानी जातीच्या कुत्र्याला पळवून पळवून तयार करतात. पळणं त्याच्या रक्तातच आहे हो. ही जात नजरेनं शिकार हेरणारी. गर्दीत कोंबडं फडफडलं की दोरीला हिसका बसलाच! शिकवायचं आहे ते थांबणं, आणि त्यासाठी दीड-दोन महिने तरी हातात ठेवा.

सुरुवात नावापासून. नाव घेतलं, त्यानं तुमच्याकडं पाहिलं, की त्याच क्षणी हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. तुकडा खिशातून काढेपर्यंत ते दुसरीकडं बघायला लागलं, तर बक्षीस त्या दुसरीकडं बघण्याला मिळतं. म्हणून तुकडा आधीच मुठीत हवा.

मग ‘थांब’. पहिल्या दिवशी दोनच सेकंद, अंगणात. जमलं की पाच, मग दहा. वेळ वाढवताना लांब जाऊ नका. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. शब्द घरात सगळ्यांचा एकच ठेवा. आजोबा ‘थांब’ म्हणणार आणि पोरं ‘रुक’, तर त्या जिवानं काय समजायचं?

पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी, उपाशीपोटी. दुपारच्या उन्हात मुळीच नको.

शेवटचे पंधरा दिवस आठवडी बाजाराच्या कडेला उभं करा आणि ओळखीच्या माणसाकडून दात, पाय तपासून घ्या. परीक्षकाचा हात लागला की बिचकणारं कुत्रं कितीही देखणं असलं तरी मागं पडतं.

मारू मात्र कधीच नका. मार खाल्लेलं कारवानी हाकेला येत नाही, लांबूनच बघत राहतं.