कमी बोलणाऱ्या गुरूंपुढे शिकायला बसताना

ग्वाल्हेरला ख्याल शिकायला आलेल्या नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला एकच गोष्ट खटकते: सर काही सांगतच नाहीत. माधव संगीत महाविद्यालय 1918 पासूनचं, राजा मानसिंग तोमर संगीत आणि कला विद्यापीठ 2008 पासूनचं. अभ्यासक्रम छापलेला मिळतो. पण जुन्या वळणाचे, खरोखर जाणते शिक्षक 'चुकलं' असंही म्हणत नाहीत. तीच जागा पुन्हा गातात. दुरुस्ती त्या पुन्हा गाण्यात असते, आणि ती ऐकायला शिकणं हाच पहिल्या वर्षाचा खरा अभ्यास.

भूप रागच घ्या. विद्यार्थी धैवतावर (ध) जरा जास्त रेंगाळतो, सर नुसतं 'ग, प ग, ध प ग, रे सा' गातात. नवखा तेच स्वर परत म्हणतो आणि सर पुन्हा गातात, कारण स्वर चुकलेले नव्हतेच. देसकार रागातही हेच पाच स्वर आहेत, पण तिथे मुक्काम धैवतावर, भूपात गंधारावर (ग). म्हणून सर पुन्हा गातील तेव्हा कोणते स्वर, हे ऐकू नका. ते कुठे थांबले आणि कुठून नुसते निघून गेले, ते ऐका.

तालातही तसंच. सर हातानं टाळी-खाली दाखवतात, मात्रा मोजून देत नाहीत. तिलवाडा या सोळा मात्रांच्या तालात बहुतेकांचं अर्धं आवर्तन सरकतं, कारण 'धा तिरकिट धिं धिं' आणि नवव्या मात्रेपासूनचं 'ता तिरकिट धिं धिं' कानाला सारखंच वाटतं. बोटांवर सोळा मोजण्यापेक्षा डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याकडे, कान ठेवा. सातव्या मात्रेच्या 'तिं'पासून त्याची घुमार बंद होते आणि अकराव्याच्या 'धिं'ला परत येते. ती परत आली की मुखड्याची, म्हणजे समेवर घेऊन येणाऱ्या बंदिशीच्या ओळीची, तयारी करायची.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांची अडचण थोडी निराळी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथली गायकी तिकडे घेऊन गेले, त्यामुळे बंदिश बऱ्याचदा ओळखीची निघते. 'आम्हाला अशी शिकवली होती' हे वाक्य मात्र गिळावं. वहीत दोन्ही पाठ लिहावेत, वर्गात समोरचाच गावा. स्थायी आणि अंतरा हे बंदिशीचे दोन्ही भाग आधी पूर्ण म्हणायचे, मगच विस्तार. अंतरा कच्चा ठेवून आलापाला हात घातला की सर तानपुरा खाली ठेवतात. उच्चारही बघा. मराठी जिभेवर 'कौन'चं 'कउन' आणि 'बैरन'चं 'बइरन' होतं, ते इथे लगेच कानाला टोचतं.

शिकवणी चालू असताना वही बंद ठेवा. मान खाली गेली की हात दिसत नाही, आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं) कुठून उचलली ते हातातच दिसतं. स्वरलिपी त्याच संध्याकाळी लिहावी: मंद्राला खाली बिंदू, तारसप्तकाला वर, कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मींडेला वर कमान. दुसऱ्या दिवसावर टाकलं की कणस्वर (मुख्य स्वराला ओझरते लागणारे स्वर) विसरतात आणि वहीत सांगाडा उरतो. रेकॉर्डिंग विचारूनच करा.

तानपुरा सर येण्याआधी लागलेला असावा. आधी जोडीच्या दोन तारा, मग खर्ज, मग पंचम. बारीक फरक मण्यांनी काढायचा. उन्हाळ्यात इथली कोरडी हवा खुंट्या सैल करते, त्यांना खडूची पूड लावावी. पावसाळ्यात त्याच फुगून अडकतात, तेव्हा जोर लावला तर तार तुटते. घोडीवर तारेखाली घालतात तो जवारीचा, म्हणजे तारेला गुंजन देणारा, दोरा केसाएवढाही सरकला तरी तार मठ्ठ वाजते. तो दोरा विद्यार्थ्यानं स्वतः लावायला शिकावं, यासाठी आमचा आग्रह आहे, कारण त्या निमित्तानं कान रोज अर्धा तास षड्जात राहतो.

शंका असेल तर गाऊन विचारा. 'सर, भूपात धैवताचं प्रमाण किती?' याला उत्तर बहुधा मिळत नाही. 'ध प ग' दोन तऱ्हांनी गाऊन थांबलात, तर सर त्यातला एक उचलून पुढे गायला लागतात.